न्यूमॅटिक कंट्रोलरचे आकडे पीएलसीत तसेच भरले, तर बॉयलरची ड्रम लेव्हल हेलकावे का खाते?

विचारणा : गळीतहंगाम

सर्वांना नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. आमच्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या ४५ किलो दाबाच्या बॉयलरची ड्रम लेव्हल, म्हणजे त्याच्या वरच्या टाकीतील पाण्याची पातळी, अनेक वर्षे न्यूमॅटिक कंट्रोलर सांभाळत होते. ड्रममधील पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे फीड वॉटर या तिन्ही मोजमापांवर ते नियंत्रण चालत असे आणि त्याबद्दल बॉयलर अटेंडंटची कधीच तक्रार नव्हती. यंदा हंगाम सुरू होण्यापूर्वी ते पॅनेल काढून त्याचे सगळे काम पीएलसीकडे, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाकडे, देण्यात आले. पीआयडी ब्लॉकमध्ये (पातळीतील विचलन पाहून व्हॉल्व्ह किती उघडायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागात) जुन्याच कंट्रोलरचे आकडे भरले, असे काम करून देणाऱ्यांनी सांगितले. जुन्या कंट्रोलरवर प्रपोर्शनल बँड १२५ टक्के आणि रीसेट ०.५ होता. आता स्क्रीनवर गेन (विचलनाला किती जोरात प्रतिसाद द्यायचा तो आकडा) ०.८ आणि रीसेट (उरलेले विचलन किती वेगाने भरून काढायचे तो आकडा) ०.५ दिसतो.

टर्बाइनवरील भार स्थिर असेल तर लेव्हल जेमतेम जागेवर राहते, परंतु मिल थांबली किंवा साखर शिजवण्याच्या पॅनवर एकदम वाफ घेतली, की लेव्हल काही मिनिटांच्या संथ लयीत वरखाली होऊ लागते आणि तो हेलकावा विरत नाही. आम्ही गेन कमी करून पाहिला, तर हेलकावा कमी होण्याऐवजी अधिक लांब आणि अधिक मोठा झाला. याशिवाय मॅन्युअलवरून ऑटोवर घेताना व्हॉल्व्ह झटका मारतो, आणि लेव्हल बराच वेळ खाली राहिली असेल तर ती सेटपॉइंटच्या (ठरवून दिलेल्या पातळीच्या) वर गेल्यानंतरही व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच राहतो. परिणामी अटेंडंट मंडळी आता लूप (हे नियंत्रण) ऑटोवर ठेवायलाच तयार नाहीत.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे आहे, की हवेवर चालणारा कंट्रोलर प्रक्रियेकडे अखंड पाहत असतो आणि संगणक मात्र थांबून थांबून पाहतो, म्हणून बॉयलरसारख्या ठिकाणी तो कमीच पडणार. हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि आम्ही नेमके कोठून तपासायला सुरुवात करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : लूपट्यूनिंग

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे दोष कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो. प्रथम आपल्या सहकाऱ्यांच्या शंकेविषयी. संगणक ठरावीक अंतराने मोजमाप वाचतो, हे खरेच आहे. मात्र ज्या ड्रमची पातळी लक्षणीय बदलायला दहा-वीस सेकंद तरी लागतात, तिच्याकडे दर १०० मिलिसेकंदांनी पाहणारा संगणक व्यवहारात अखंडच पाहत असतो. दोष पाहण्यातील खंडात नसून, त्या दोन पाहण्यांमध्ये किती वेळ गेला याचा जो हिशेब संगणकाला सांगितलेला आहे त्यात असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकडे पाहू. प्रपोर्शनल बँड १२५ टक्के म्हणजे गेन १०० भागिले १२५, अर्थात ०.८. हे रूपांतर बरोबर झाले आहे. रीसेटचा ०.५ मात्र बहुधा तसाच उचलून ठेवला गेला आहे. बऱ्याच जुन्या कंट्रोलरच्या डायलवर रीसेट ‘मिनिटाला किती वेळा’ या एककात कोरलेला असे. मिनिटाला ०.५ वेळा म्हणजे रीसेटचा काळ २ मिनिटे. आजच्या बहुतेक पीआयडी ब्लॉकमध्ये हा आकडा काळ म्हणून, मिनिटांत किंवा सेकंदांत, मागितला जातो. आपल्या ब्लॉकचे एकक मिनिट असेल, तर तिथे २ ऐवजी ०.५ भरल्यामुळे इंटिग्रल कृती (रीसेटने ठरणारी कृती) चौपट जलद झाली आहे. एकक सेकंद असते तर लेव्हल भार स्थिर असतानाही जागेवर राहिली नसती, म्हणून ती शक्यता मी धरत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण ती स्क्रीनवर कोठेच दिसत नाही. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या कपाटांना पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन ०८४ हे यंत्र पुढे आले, तेव्हा पीएलसीकडून अपेक्षा होती ती चालू-बंदच्या तर्काची. सर्व इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चालवायचा, आउटपुट लिहायचे आणि पुन्हा सुरुवात करायची, ही फेरी त्याचा गाभा आहे. एक फेरी २० मिलिसेकंदांत संपली काय किंवा ४० मध्ये संपली काय, मोटार चालू-बंद करण्याच्या तर्काला त्याने फरक पडत नाही. पीआयडीला पडतो. इंटिग्रल म्हणजे विचलन गुणिले वेळ यांची बेरीज, आणि बहुतेक ब्लॉक ही वेळ घड्याळात न पाहता आपण पॅरामीटरमध्ये लिहून दिलेला आकडा वापरतात. तिथे १०० मिलिसेकंद लिहिले असतील आणि ब्लॉक मात्र मुख्य प्रोग्रॅममध्ये बसवल्यामुळे दर २५ मिलिसेकंदांनी चालत असेल, तर खऱ्या एका सेकंदात दहाऐवजी चाळीस वेळा बेरीज होते. म्हणजे इंटिग्रल आणखी चौपट. दोन्ही चुका एकत्र आल्या तर २ मिनिटांचा रीसेट प्रत्यक्षात साडेसात सेकंदांचा होऊन बसतो, आणि स्क्रीनवरचा ०.५ पाहून कोणालाही त्याचा संशय येत नाही. शिवाय उद्या त्याच पीएलसीत एखाद्या कन्व्हेयरचा प्रोग्रॅम वाढवला, की फेरी लांबते आणि बॉयलरचे ट्यूनिंग आपोआप बदलते. म्हणून पीआयडी ब्लॉक नेहमी ठरावीक वेळेने येणाऱ्या इंटरप्टमध्येच (मुख्य प्रोग्रॅम मध्येच थांबवून चालणाऱ्या भागातच) बसवावा आणि त्या इंटरप्टचा काळ व पॅरामीटरमधील काळ एकच असल्याची खात्री करावी.

गेन कमी केल्यावर हेलकावा वाढला, हे आपल्याला विपरीत वाटले असेल, पण या प्रक्रियेत तसेच व्हायला हवे. ड्रम हा पाणी साठवणारा आहे. येणारे पाणी आणि जाणारी वाफ यांत किंचित जरी फरक राहिला तरी पातळी चढत किंवा उतरत राहते, आपणहून कोठे थांबत नाही. म्हणजे प्रक्रिया स्वतःच एक इंटिग्रल आहे आणि कंट्रोलर त्यावर दुसरे इंटिग्रल चढवतो. अशा जोडीत हेलकावा किती लवकर विरेल, हे गेन आणि रीसेटचा काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. रीसेटचा काळ सोळाव्या भागावर आला तर विरण्याची क्षमता चौथ्या भागावर येते, आणि त्यात गेनही कमी केला तर ती आणखी घटते. तापमानाच्या किंवा प्रवाहाच्या लूपवर हेलकावा दिसला की गेन कमी करण्याची सवय हाताला लागलेली असते. लेव्हलच्या लूपवर ती सवय नुकसान करते. येथे गेन ०.८ वरच ठेवून रीसेटचा काळ वाढवावा.

व्हॉल्व्हचा झटका आणि व्हॉल्व्ह उघडाच राहणे ही एकाच कुटुंबातील दोन दुखणी आहेत. लूप मॅन्युअलवर असताना अल्गोरिदमने व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष आउटपुटचा माग ठेवला पाहिजे, म्हणजे ऑटोवर घेतल्यावर तो तिथूनच पुढे सुरू होतो. तसेच व्हॉल्व्ह शंभर टक्क्यांवर पोहोचल्यावर इंटिग्रलची बेरीज तिथेच थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर आतल्या आत आकडा फुगत जातो आणि लेव्हल सेटपॉइंटच्या वर गेल्यावरही तो फुगलेला आकडा उतरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद होत नाही. या दोन्ही सोयी बहुतेक ब्लॉकमध्ये असतात; त्या वापरात घेतल्या आहेत का आणि आउटपुटच्या मर्यादा ० व १०० अशा भरल्या आहेत का, हे पाहावे.

उत्तर : वाफपाणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तरीही बॉयलरवर उभे राहून काम केलेला माणूस म्हणून दोन गोष्टींची भर घालतो, कारण रीसेट सुधारल्यावरही मिल थांबताना त्रास उरला तर ट्यूनिंगवर संशय घेण्यात आठवडे जातील.

मिल चोक होऊन थांबली की वाफेची मागणी एकदम पडते, दाब वाढतो आणि पाण्यातील बुडबुडे आकसतात. ड्रममध्ये पाणी तेवढेच असते, पण पातळी खाली गेलेली दिसते. उलट मागणी एकदम वाढली की दाब पडतो, बुडबुडे फुगतात आणि आच वाढवताच दूध पातेल्यात वर चढावे तशी पातळी चढते, जरी ड्रममधील पाणी प्रत्यक्षात कमी होत असले तरी. केवळ पातळीकडे पाहणारा कंट्रोलर अशा वेळी नेमका उलटा वागतो. पाणी वाढवायला हवे तेव्हा व्हॉल्व्ह बंद करतो, कमी करायला हवे तेव्हा उघडतो, आणि उघडल्यावर आलेले तुलनेने थंड पाणी बुडबुडे आणखी दाबून पातळी आणखी खाली नेते. म्हणूनच वाफेचा प्रवाह हा मुख्य सूत्रधार ठेवून, जेवढी वाफ गेली तेवढे पाणी आत घ्यायचे आणि पातळीच्या कंट्रोलरने फक्त उरलेली तफावत हळूहळू भरून काढायची, अशी तीन मोजमापांची रचना करतात. त्या रचनेत पातळीचा रीसेट संथच असावा लागतो. साडेसात सेकंदांचा रीसेट बुडबुड्यांच्या मागे धावणार, यात नवल नाही.

आता आपण आधी तपासावी अशी गोष्ट सांगतो. प्रवाह मोजण्यासाठी पाइपात बसवलेल्या ऑरिफिस किंवा नोझलवरील दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून कोठेतरी वर्गमूळ काढावे लागते. जुन्या पॅनेलमध्ये त्यासाठी स्वतंत्र उपकरण असे. आता वर्गमूळ ट्रान्समीटरमध्येही (मोजमाप सिग्नलच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणातही) काढता येते आणि पीएलसीतही, आणि नूतनीकरणाच्या धावपळीत ते दोन्हीकडे काढले जाण्याची उदाहरणे बरीच आहेत. प्रवाह निम्मा असेल तर दाबाचा फरक २५ टक्के असतो, त्याचे वर्गमूळ ५० टक्के, आणि त्याचे पुन्हा वर्गमूळ काढले तर ७१ टक्के. शंभर टक्क्यांना मात्र कितीही वेळा वर्गमूळ काढले तरी शंभरच येतात, त्यामुळे पूर्ण भारावर सगळे बरोबर दिसते आणि भार उतरला की हिशेब बिघडतो. लेव्हल स्थिर असताना निम्म्या भारावर वाफ आणि पाणी यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ब्लोडाउनचा (ड्रममधून मुद्दाम सोडलेल्या पाण्याचा) थोडा फरक सोडला तर ते जुळायलाच हवेत.

व्हॉल्व्हकडेही जरूर पाहा. लूप मॅन्युअलवर घेऊन आउटपुट एकेक टक्क्याने बदलत स्टेमकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याकडे) डोळ्यांनी पाहावे. तीन-चार टक्के बदलेपर्यंत स्टेम हलला नाही आणि मग एकदम उडी मारली, तर पॅकिंग किंवा पोझिशनर (स्टेमला हव्या त्या जागी नेणारे उपकरण) यांचे काम आधी करावे लागेल. अडकणाऱ्या व्हॉल्व्हवर कोणतेही ट्यूनिंग टिकत नाही.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर : गळीतहंगाम

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही एकेक गोष्ट तपासली. पीआयडी ब्लॉक खरोखरच मुख्य प्रोग्रॅममध्ये होता. पॅरामीटरमध्ये १०० मिलिसेकंद लिहिलेले होते आणि प्रत्यक्ष फेरी २५ ते ३० मिलिसेकंदांची होती. रीसेटचे एकक मिनिटच निघाले. ब्लॉक १०० मिलिसेकंदांच्या इंटरप्टमध्ये हलवला, रीसेट २ मिनिटे केला, गेन ०.८ वर परत आणला, आणि आउटपुटच्या मर्यादा रिकाम्या होत्या त्या भरल्या. वर्गमुळाबाबतचा अंदाजही खरा ठरला. फीड वॉटरचा ट्रान्समीटर यंदा नवा बसवला असून त्यात वर्गमूळ चालू होते आणि पीएलसीतही ते काढले जात होते. निम्म्या भारावर वाफ ५० च्या आसपास आणि पाणी ७० च्या पुढे दिसत होते. पीएलसीतील वर्गमूळ काढून टाकल्यावर दोन्ही आकडे जुळले. व्हॉल्व्हचा स्टेम एका टक्क्याला नीट हलतो.

या दुरुस्तीनंतर मिल थांबली तरी लेव्हल एकदा खाली जाते, थोडी वर येते आणि स्थिरावते. अटेंडंटनी आपणहून लूप ऑटोवर ठेवला आहे, याचा मला सर्वाधिक आनंद वाटतो. ट्रेंडवर (पडद्यावरील पातळीच्या आलेखावर) मात्र एक बारीक लाट शिल्लक आहे. तिची लय कधी वीस सेकंदांची, कधी दहाची, तर कधी त्याहून लांब असते. गेज ग्लासमध्ये (पातळी डोळ्यांनी दाखवणाऱ्या काचेत) तशी हालचाल अजिबात दिसत नाही आणि लूप मॅन्युअलवर घेतला तरी ट्रेंडवरील लाट जात नाही. ही लाट कोठून येत असावी?

उत्तर : पॅनेलवायरिंग

लूप मॅन्युअलवर असताना राहणारी आणि काचेत न दिसणारी लाट ड्रममध्ये नसते, मोजण्यात असते. येथे मात्र थांबून थांबून पाहण्याचा संबंध खरोखर येतो, म्हणून आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. लेव्हल ट्रान्समीटरची केबल पॉवर केबलच्याच ट्रेमधून आली असेल, तर ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलवर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चढते. आपण सेकंदाला दहा वेळा वाचन घेता. गुणगुण बरोबर ५० हर्ट्झ असेल तर दोन वाचनांमध्ये तिची नेमकी पाच आवर्तने होतात, प्रत्येक वाचन तिच्या एकाच बिंदूवर पडते आणि लाट दिसतच नाही. वारंवारता ४९.९५ झाली की वाचनाचा बिंदू दर वेळी किंचित सरकतो आणि पडद्यावर ०.०५ हर्ट्झची, म्हणजे २० सेकंदांची, खोटी लाट उमटते; ४९.९० झाली की १० सेकंदांची. आपली लाट लय बदलते, याचे कारण हेच असावे. तिची लय आणि टर्बाइनच्या पॅनेलवरील फ्रिक्वेन्सी मीटर एकाच वेळी लिहून ठेवा, म्हणजे खात्री पटेल.

अशी लाट एकदा वाचनात शिरली की प्रोग्रॅममधील फिल्टरने ती काढता येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती खऱ्या पातळीपेक्षा वेगळी उरतच नाही. ती वाचनापूर्वीच अडवावी लागते. बऱ्याच अॅनालॉग इनपुट कार्डांत ५० किंवा ६० हर्ट्झ नाकारण्याची सेटिंग असते. कार्ड ६० वर किंवा सर्वांत जलद वाचनाच्या पर्यायावर राहिलेले असू शकते. ते ५० वर आणावे, केबलची शील्ड फक्त एकाच टोकाला अर्थ करावी, आणि जमल्यास केबल वेगळ्या ट्रेमधून न्यावी.

लूप आता ऑटोवर राहू लागला आहे, म्हणून एक विषय मी आग्रहाने मांडतो. टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथील टेक्साकोच्या रिफायनरीत १९५९ मध्ये आरडब्ल्यू-३०० हा संगणक नियंत्रणासाठी लावला गेला, तेव्हा तो फक्त सेटपॉइंट बदलत असे. प्रत्यक्ष व्हॉल्व्ह जुने कंट्रोलरच हलवत. त्या काळातील संगणक पन्नास ते शंभर तासांत एकदा बंद पडत असल्याने ही सावधगिरी आवश्यकच होती. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने फेरांटीच्या आर्गस संगणकाला २२४ मोजमापे जोडून १२९ व्हॉल्व्ह थेट त्याच्या हाती दिले, आणि तेव्हापासून संगणक बंद पडल्यास व्हॉल्व्हचे काय होईल, हा प्रश्न प्रत्येक रचनेच्या मुळाशी आला. १९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या प्रणाली आल्या, त्यांनी नियंत्रण अनेक लहान कंट्रोलरमध्ये विभागले. त्यामागेही हीच काळजी होती. आपल्याकडे जुने पॅनेल काढून टाकले आहे, म्हणजे पीएलसीच्या मागे आता दुसरे कोणी उभे नाही.

त्यामुळे ड्रमची पातळी धोकादायकरीत्या खाली गेल्यावर बगॅस फीडर आणि पंखे बंद करणारे ट्रिप याच पीएलसीवर, याच ट्रान्समीटरवर अवलंबून आहे का, हे आजच पाहा. ते स्वतंत्र प्रोबवर आणि स्वतंत्र रिलेवर असले पाहिजे. लेव्हलची तार तुटली तर सिग्नल शून्यावर जातो. प्रोग्रॅमने त्याचा अर्थ ‘ड्रम रिकामा’ असा घेतला, तर तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ड्रम भरून टाकेल आणि वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाईल. ३.६ मिलिअँपिअरच्या खालील किंवा २१ च्या वरील सिग्नल हा पातळीचा आकडा न मानता बिघाड मानावा, लूप आपोआप मॅन्युअलवर जाऊन व्हॉल्व्ह असलेल्या जागी थांबावा आणि अलार्म वाजावा. पीएलसीचा सीपीयू थांबला तर आउटपुट कार्ड शेवटचे मूल्य धरून ठेवते की शून्यावर नेते, ही सेटिंग प्रत्येक कार्डाला वेगळी असते. ती कागदावर वाचून समाधान मानू नये. पुढच्या शटडाउनमध्ये बॉयलर थंड असताना लेव्हल ट्रान्समीटरची तार टर्मिनलमधून काढा, नंतर सीपीयू स्टॉपवर घ्या, आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्ह काय करतो ते अटेंडंटना शेजारी उभे करून दाखवा.